पाणी शुद्धीकरण प्लांटचा ऑपरेटर व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेटर म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा माणूस, एवढंच ना?

बाहेरून तसंच दिसतं आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी लोक तेवढंच करून पगार घेतातही. पण काम ते नाहीये. नदीतून, धरणातून किंवा बोअरमधून जे कच्चं पाणी येतं ते रोज वेगळं असतं, पाऊस पडला की गढूळ, उन्हाळ्यात शेवाळ, कधी लोखंड-मँगनीज, आणि ते कसंही आलं तरी पलीकडून निघणारं पाणी मात्र रोज सारखंच सुरक्षित निघालं पाहिजे. या दोन टोकांच्या मध्ये जो बसलाय तो ऑपरेटर. तो दिवसभर मोजतो, बघतो, डोस कमीजास्त करतो आणि लिहून ठेवतो. व्हॉल्व्ह फिरवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

शिक्षण किती लागतं? सायन्स नसेल तर?

देशोदेशी नियम वेगळे आहेत पण बहुतेक ठिकाणी सुरुवातीला शालेय शिक्षण पूर्ण असलं तरी एंट्री मिळते, वरच्या लेव्हलला जाताना डिप्लोमा-डिग्री कामाला येते. केमिस्ट्री किती हवी? पीएच म्हणजे काय, अल्कलिनिटी म्हणजे काय, क्लोरीन पाण्यात गेल्यावर त्याचं काय होतं, एवढं नीट डोक्यात बसलं तरी बरंच झालं. मी तर म्हणेन पंप, मोटर, गळकं ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) याला हात लावायची सवय असलेला माणूस पटकन तयार होतो, केमिस्ट्री त्याला शिकवता येते. उलटं जरा जड जातं.

गणित कच्चं आहे, जमेल का?

जमेल, पण पळून जाता येणार नाही. रोजची गणितं चार-पाचच आहेत आणि तीच तीच येतात. सगळ्यात महत्त्वाचं डोसचं. प्रवाह घनमीटर प्रति तासमध्ये घ्या, डोस मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्या, गुणाकार करा, उत्तर थेट ग्रॅम प्रति तास येतं. समजा ताशी २०० घनमीटर पाणी येतंय आणि तुरटीचा डोस २५ ठरलाय, तर ५००० ग्रॅम म्हणजे ताशी ५ किलो तुरटी. द्रावण १० टक्क्यांचं असेल तर एका लिटरात साधारण १०० ग्रॅम, म्हणजे ताशी ५० लिटर, म्हणजे मिनिटाला ८३० मिलिलिटरच्या आसपास.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे, ती म्हणजे डोसिंग पंपावर जो आकडा दिसतो तेवढंच द्रावण पडतंय असं मानायचं नाही. मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन एक मिनिट धरून बघायचं. पंपाचा व्हॉल्व्ह गाळाने अर्धा चोक झालेला असतो, डिस्प्ले मात्र निवांत तोच आकडा दाखवत बसलेला असतो.

दुसरं गणित टाकीत पाणी किती वेळ थांबतं त्याचं, टाकीचं आकारमान भागिले प्रवाह, ४०० घनमीटरची टाकी आणि २०० चा प्रवाह म्हणजे दोन तास, कागदावर. प्रत्यक्षात पाणी शॉर्टकट मारतं त्यामुळे काही पाणी त्याच्या बरंच आधी बाहेर पडतं, हे लक्षात ठेवा, क्लोरीनच्या वेळी उपयोगी पडेल.

ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा काय शिकवतात?

चांगल्या ठिकाणी आधी प्लांट पायी फिरवतात. इनटेकपासून (पाणी आत घेतात ती जागा) जाळ्या, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारा), तुरटी पडते तो फ्लॅश मिक्सर, मग पाणी हळू ढवळलं जातं तो भाग, मग क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी), फिल्टर, क्लोरीन, शुद्ध पाण्याची टाकी. कोणता पाइप कुठून कुठे जातो हे स्वतःच्या हाताने कागदावर काढायला लावतात. हे कंटाळवाणं वाटतं आणि नवीन पोरं नाक मुरडतात, पण रात्री पंप ट्रिप झाल्यावर ड्रॉइंग शोधत बसायला वेळ नसतो.

मग सँपलिंग. इथे एक गंमत आहे. बाकीच्या सगळ्या टेस्टना बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यायची असं शिकवतात, ते हाताला बसतं, आणि मग बॅक्टेरियाच्या सँपलची बाटलीही माणूस तशीच खळबळतो. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट मुद्दाम टाकलेलं असतं, पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे मारायला, नाहीतर लॅबपर्यंत जाईस्तोवर क्लोरीन बाटलीत काम करत राहतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. बाटली धुतली की ते गेलं. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही, थंड ठेवायची आणि लवकरात लवकर लॅबला पोचवायची.

जार टेस्टचं एवढं कौतुक का?

कारण तुरटीचा बरोबर डोस कोणत्याच पुस्तकात लिहिलेला नसतो, तो त्या दिवशीच्या पाण्याला विचारावा लागतो. सहा जार, प्रत्येकात एक लिटर कच्चं पाणी, प्रत्येकात वाढता डोस, समजा १० पासून ६० मिलिग्रॅमपर्यंत. एक मिनिट जोरात ढवळायचं, मग वेग खाली आणून पंधरा-वीस मिनिटं हळूहळू, मग मशीन बंद करून अर्धा तास हात लावायचा नाही.

या वेळात मोबाईल बघायचा नाही, जार बघायचे. आधी नुसता धूसरपणा येतो, मग टाचणीच्या डोक्याएवढे पुंजके दिसायला लागतात, यालाच फ्लॉक म्हणतात. कोणत्या जारमध्ये पुंजके आधी दिसले, कुठे ते टपोरे होऊन सरळ खाली बसले, कुठे बारीक राहून तरंगत बसले, हे सगळं टिपायचं. वरचं पाणी काढून गढूळपणा मोजायचा आणि पीएचही मोजायचा. तुरटी अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद) खाते, १ मिलिग्रॅम तुरटीला साधारण अर्धा मिलिग्रॅम, त्यामुळे ज्या पाण्यात मुळात अल्कलिनिटी कमी तिथे डोस वाढवला की पीएच धाडकन खाली जातो आणि फ्लॉक बनायचाच बंद होतो. मग नवीन माणूस काय करतो, अजून तुरटी टाकतो. अशा वेळी खरं तर चुना किंवा सोडा लागतो.

आणि हो, सगळ्यात स्वच्छ दिसणारा जार म्हणजेच बरोबर डोस असं नसतं. ४० ला जे पाणी मिळालं तेच जवळपास ३० ला मिळत असेल तर ३० घ्या, जास्तीची तुरटी म्हणजे जास्तीचा गाळ आणि पाण्यात जास्तीचं अॅल्युमिनियम.

पाणी डोळ्याला स्वच्छ दिसतंय, मग टर्बिडिटी मीटर (गढूळपणा मोजणारं यंत्र) कशाला?

डोळ्याला ४-५ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) खाली फारसं काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की क्लोरीन टाकण्याआधी पाणी १ एनटीयूच्या आत हवं, आणि चांगल्या चालवलेल्या मोठ्या प्लांटला ०.५ च्या आत कायम आणि सरासरी ०.२ पर्यंत यायला हरकत नाही. इतकं कमी कशाला तर गढूळपणाच्या आडोशाला जंतू लपतात, आणि काही जंतू असे आहेत की त्यांना क्लोरीनने काहीच होत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा त्यातला मोठा, आकार ४ ते ६ मायक्रॉन, नेहमीच्या डोसला दाद देत नाही, त्याला फिल्टरनेच अडवावं लागतं किंवा यूव्ही (अतिनील प्रकाश) लागतो.

१९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नेमकं हेच झालं. एका प्लांटमधून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा नेहमीपेक्षा चढला होता, पण त्या वेळच्या नियमांत बसत होता, क्लोरीनही चालू होता. अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. त्यामुळे आपला आकडा नियमात बसतो की नाही एवढंच बघू नका, तो कालच्यापेक्षा का बदलला हे विचारायची सवय लावा, ट्रेनिंगमध्ये यावर जितका जोर द्यायला पाहिजे तितका देत नाहीत असं माझं मत आहे.

मीटर वापरताना काचेची कुपी पुसून घ्या, बोटाचा एक ठसा रीडिंग वाढवायला पुरतो. उलट मीटरच कॅलिब्रेट केलेला (म्हणजे ठाऊक आकड्याच्या द्रावणाशी ताडून जुळवलेला) नसेल तर ०.३ दिसणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही.

बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणं) कधी करायचा? रोज ठरलेल्या वेळी करून टाकला तर?

ठरलेल्या वेळी करणारे खूप प्लांट आहेत आणि वेळेवरच करत राहिलात तर गरज नसताना धुणार आणि गरज असताना धुणार नाही. तीन गोष्टी बघायच्या: हेडलॉस, म्हणजे फिल्टरमध्ये घाण अडकून पाण्याच्या दाबात पडणारी घट, किती चढला (बऱ्याच रॅपिड सँड फिल्टरना २ मीटरच्या आसपास), फिल्टरनंतरचा गढूळपणा वाढायला लागला का, आणि फिल्टर किती तास चाललाय. तिघांपैकी जे आधी येईल त्यावर धुवा.

धुताना नुसतं बटण दाबून निघून जायचं नाही, वर उभं राहून बघायचं. हवा सोडल्यावर सगळ्या बेडवर (वाळूच्या थरावर) बुडबुडे सारखे येतायत की एका कोपऱ्यात उकळी फुटल्यासारखे, म्हणजे खाली नोझल फुटलंय. वाळू पाण्याबरोबर गटारात जातेय का. शेवटी पाणी निवळलं का. कोपऱ्यात चिखलाचे गोळे राहतायत का. ही नजर बसायला काही महिने जातात, पण एकदा बसली की फिल्टरचं दुखणं लांबूनच कळतं.

नुकता धुतलेला फिल्टर सगळ्यात चांगला असं वाटतं ना? सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं तोच सगळ्यात वाईट पाणी देतो, बेड परत जमेपर्यंत. म्हणून ते पहिलं पाणी वाया जाऊ द्यायची सोय असेल तर वापरा, नसेल तर फिल्टर हळूहळू लोडवर घ्या.

क्लोरीन किती टाकायचा? एक फिक्स आकडा सांगा.

नाही सांगता येणार, सॉरी. टाकलेल्या क्लोरीनपैकी काही भाग पाण्यातली घाण, लोखंड, अमोनिया खाऊन टाकतात, ती झाली डिमांड. ती भागल्यावर जो उरतो तो रेसिड्युअल, आणि आपलं लक्ष त्यावर. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ नियम असा की पीएच ८ च्या खाली असताना कमीत कमी ३० मिनिटं संपर्क मिळाल्यावर ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर फ्री क्लोरीन उरायला हवा, आणि शेवटच्या नळाला निदान ०.२. पीएच चढला की तोच क्लोरीन लंगडा पडतो, कारण जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल कमी होतं. आणि वर सांगितलेला शॉर्टकट आठवा, ३० मिनिटं म्हणजे पाण्याला खरोखर मिळालेली ३० मिनिटं.

ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर पोत्यावरच्या टक्केवारीवर आंधळा विश्वास नको. ताशी २०० घनमीटरला २ चा डोस म्हणजे ४०० ग्रॅम क्लोरीन. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर ताशी १.२ किलो लागेल, ओल लागून ती २५ वर आली असेल तर १.६ किलो. लिक्विड हायपोचंही (सोडियम हायपोक्लोराइट, पातळ ब्लीच) तेच, ऊन आणि उष्णता लागली की ताकद उतरते.

टेस्टचा एक सापळा सांगून ठेवतो. डीपीडी (क्लोरीन तपासायची पावडर) टाकल्यावर गुलाबी रंग येतो, जितका गडद तितका क्लोरीन. पण क्लोरीन अति झाला तर तो रंगच उडवून टाकतो, पाणी बिनरंगी, रीडिंग शून्य. नवशिक्या शून्य बघून डोस अजून वाढवतो! डीपीडी टाकताना क्षणभर गुलाबी झळक येऊन गेली का ते बघा, शंका आली तर सँपल क्लोरीन नसलेल्या पाण्याने दहापट पातळ करून परत मोजा.

क्लोरीन गॅसची भीती वाटते हो.

वाटू द्या, ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर शिफ्ट करायला मला आवडत नाही. गॅस हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, म्हणजे जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो, म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर, आणि हे पळायचं कुठे ते आधीच बघून ठेवायचं. गळतीवर पाणी कधीही मारायचं नाही, ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठं होतं. गळती शोधायला अमोनियाच्या द्रावणाची वाफ धरतात, जिथे गळतंय तिथे पांढरा धूर दिसतो. टनर (क्लोरीनचा टनभराचा मोठा सिलिंडर) आडवा ठेवून दोन्ही व्हॉल्व्ह एकावर एक उभ्या रेषेत आणायचे, वरच्यातून गॅस येतो, खालच्यातून लिक्विड, आणि लिक्विड बाहेर पडलं तर त्याचा साधारण साडेचारशे पट गॅस होतो. सिलिंडर बदलताना वॉशर दर वेळी नवीन. दोन माणसं असल्याशिवाय हात लावायचा नाही. श्वसनाचा सेट क्लोरीन रूमच्या बाहेर टांगलेला हवा, मी आत टांगलेला पाहिलाय, म्हणजे गळती झाल्यावर तो आणायला गॅसमध्ये जायचं!

गॅस नाही, हायपो वापरतो म्हणून निर्धास्त राहू नका. हायपोच्या टाकीत चुकून आम्ल किंवा तुरटीचं द्रावण पडलं तर क्लोरीन गॅसच तयार होतो.

केमिकलचा टँकर आला तर ऑपरेटरने थांबायलाच हवं का? ड्रायव्हरला माहीत असतं की.

थांबायलाच हवं. जुलै १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या कॅमलफर्डजवळच्या प्लांटवर बदली ड्रायव्हर २० टन अॅल्युमिनियम सल्फेट घेऊन आला, प्लांटवर कोणीच नव्हतं, आणि त्याने ते भलत्याच टाकीत रिकामं केलं, ते सरळ लोकांच्या नळात गेलं. नेमकं काय झालं हे लोकांना कळायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. त्यामुळे चलन वाचा, टाकीवरचं नाव वाचा, होज स्वतः बघा, मगच व्हॉल्व्हचं कुलूप काढा.

लॉगबुक भरणं म्हणजे निव्वळ कागदी काम नाही का? सगळे शिफ्टच्या शेवटी एकदम भरतात.

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि याचं उत्तर लांब आहे.

मे २००० मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाच्या छोट्या गावात जोराचा पाऊस झाला आणि जनावरांच्या शेणातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. तिथले ऑपरेटर क्लोरीन कमी टाकत होते, रेसिड्युअल रोज मोजत नव्हते, आणि लॉगशीटवर मात्र रोज व्यवस्थित आकडे लिहीत होते. ७ माणसं गेली, २३०० च्या आसपास आजारी पडली, गावच मुळात पाचेक हजारांचं. चौकशीत निघालं की हे वर्षानुवर्षं असंच चालू होतं आणि या लोकांना लायसन्स परीक्षा न देता, नुसत्या अनुभवावर मिळालं होतं. ते काही वाईट माणसं नव्हती, तेच पाणी स्वतःही पीत होते. त्यांना क्लोरीन कशासाठी टाकायचा हेच कोणी नीट शिकवलं नव्हतं, विहिरीचं पाणी चांगलंच असतं असा समज होता.

त्यानंतर ऑन्टारिओमध्ये ऑपरेटरचं ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची झाली, आणि २००४ मध्ये त्याच गावात ट्रेनिंग सेंटर उभं राहिलं.

मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोडा आणि बाजूला कारण लिहा, मीटर बंद होता, पंपावर अडकलो होतो, काहीही. रिकामा रकाना बघून साहेब ओरडेल. पण रिकाम्या रकान्यामुळे कोणीतरी जाऊन मोजेल तरी, ०.५ लिहिलेलं दिसलं तर कोण कशाला जाईल? अंदाजपंचे आकडे ओळखूही येतात बरं का, महिनाभर ०.५, ०.५, ०.५ असं खरं पाणी कधी वागत नाही. चुकलेला आकडा खोडायचा तर एक रेघ, शेजारी नवीन आकडा, सही. व्हाइटनर प्लांटवर असूच नये.

लायसन्स, लेव्हल वगैरे काय भानगड आहे?

अमेरिका-कॅनडात बऱ्याच ठिकाणी चार लेव्हल असतात, प्लांटही आकार आणि गुंतागुंत बघून तसेच वर्गात घातलेले असतात. आधी शिकाऊ, मग पहिली लेव्हल, पुढे परीक्षा अधिक प्रत्यक्ष अनुभव असं वर चढायचं. ठरावीक वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ट्रेनिंगचे तास दाखवायचे. जिथे लायसन्सची सक्ती नाही तिथेही कोर्सचं सर्टिफिकेट असलेल्याला आधी घेतात. परीक्षेत गणित आणि सुरक्षितता या दोन भागांत लोक जास्त गळतात असा माझा अनुभव.

एकट्याने शिफ्ट कधी मिळेल?

पूर्ण वर्षाचे सगळे ऋतू बघितल्याशिवाय देऊ नये असं मला वाटतं, कारण उन्हाळ्यात शिकलेला माणूस पहिल्या पुराच्या पाण्याला बावचळतो. प्रत्यक्षात माणसं कमी असतात म्हणून लवकर देतात. तसं झालं तर रात्री कोणाला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला सप्लाय थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे, हे लेखी मागून घ्या. तोंडी नको.

सगळं स्काडावर (कॉम्प्युटरवरून प्लांट बघायची-चालवायची सिस्टिम) गेलंय, पुढे ऑपरेटर लागणार का?

लागणार. सेन्सरवर शेवाळ बसलं की तो स्क्रीनवर सुंदर सरळ रेघ काढतो. ती रेघ सरळ का आहे हे विचारायला आणि हाताने सँपल घेऊन पडताळायला माणूस लागतोच. हां, कॉम्प्युटरची भीती असेल तर मात्र ती काढून टाका.

सांडपाण्याच्या प्लांटचा अनुभव चालतो का?

पंप, मोटर, सेफ्टी, लॉगबुक सगळं कामाला येतं. प्रक्रिया वेगळी आहे, तिथे जंतू पोसतात, इथे मारतात. बहुतेक ठिकाणी लायसन्स वेगळं. आणि दोन्हीकडे काम करत असाल तर बूट, कपडे, हत्यारं वेगळी ठेवा.

मुली करतात का हे काम?

करतात. पोती आणि जड व्हॉल्व्ह हा प्रश्न सगळ्यांनाच असतो, त्यासाठी होइस्ट आणि ट्रॉली असते, नसेल तर ती प्लांटची उणीव आहे.

इंटरव्ह्यूला जाताना काय तयारी करू?

आधी प्लांट बघायला मागा. डोसचं गणित कागदावर करून दाखवता आलं पाहिजे, क्लोरीन गळती झाली तर पहिली तीन पावलं कोणती हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. आणि तुम्हीही विचारा: टर्बिडिटी मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट झाला, रात्री शिफ्टला किती माणसं, श्वसनाचा सेट कुठे आहे. उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर तिथलं काय ते कळलंच.